आधी चित्रं सांगा, मग बहिरेपण

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दिव्यांग कलावंतांवरचा लेख वाचला. हेतू चांगला, पण त्यातला प्रत्येक कलावंत नियतीवर मात करतो आणि त्याने नेमकं काय रंगवलं, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून सॅम्पसन टाउगुड रोच या आयरिश लघुचित्रकाराबद्दल थोडं लिहितो.

रोच कॉर्क परगण्यातल्या यॉल गावचा, जन्मतः मूकबधिर. आयर्लंडमध्ये कर्णबधिरांची पहिली शाळा डब्लिनला १८१६ मध्ये निघाली, तेव्हा हा साठीकडे झुकलेला आणि धंद्यात मुरलेला होता. धंदा म्हणजे तळहातावर मावणारी व्यक्तिचित्रं, लोक ती लॉकेटात घालून गळ्यात मिरवत. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंग सहजी बसत नाही, घसरतो. ती घासून तिचा तेलकटपणा काढायचा, मग बारीक ठिपक्या-रेघांनी चेहरा उभा करायचा. गालांवर रंग इतका विरळ ठेवायचा की खालचं हस्तिदंतच कांतीसारखं उजळतं. चूक झाली तर लपवायला जागा नाही.

डब्लिनमध्ये काम करून १७९२ च्या सुमारास तो इंग्लंडात बाथला गेला. गरम झऱ्यांचं, हौशी श्रीमंतांचं गाव. लघुचित्रकारांची तिथे गर्दी. त्या गर्दीत तो तीसेक वर्षं टिकला. दयेपोटी कुणी एवढी वर्षं पैसे मोजत नाही! त्याच्या चित्रांतली डोकी जरा मोठी असतात आणि ओठांवरचं हसू ठरलेलं. मला ते थोडं साचेबद्ध वाटतं. पण हेही म्हणता आलं पाहिजे ना? कौतुकाच्या भरात आपण अशा कलावंतांची समीक्षाच करत नाही.

उतारवयात तो वॉटरफर्ड परगण्यात नातेवाइकांकडे राहायला आला आणि आसपासची खेडूत माणसं, त्यांचे कपडे, बाजार-जत्रा जलरंगात रंगवू लागला. माझ्या मते त्याचं खरं काम हे. १८४५ मध्ये बटाट्याचं पीक कुजलं, महादुष्काळ पडला आणि असली गावंच्या गावं ओस पडली. रोच १८४७ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना वारला.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी आहे. त्यात प्रत्येकाचं एक तरी चित्र ठळक छापावं आणि ते कोणत्या माध्यमातलं, कधीचं, एवढं खाली द्यावं, ही विनंती.

– एक वाचक, सातारा