खिडकीसमोर खिडकी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पाश्चात्त्य कायद्याच्या मुळांवरचा लेख वाचला. सॉक्रेटिस आला, रोमन कायदा संकलित करवणारा सम्राट जस्टिनियन आला, इंग्लंडच्या राजाला बांधणारी सनद मॅग्ना कार्टा आली. ज्यूंचा मात्र उल्लेखही नाही. शिवाजीनगर कोर्टात पस्तीस वर्षं काळा कोट घातलेल्या मला हे खटकलं.

माझं बालपण रास्ता पेठेत, बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगपासून (प्रार्थनास्थळापासून) हाकेच्या अंतरावर गेलं. आमच्या वाड्यात एका बिऱ्हाडाने चौकाकडे नवी खिडकी पाडली, ती नेमकी समोरच्यांच्या मोरीपुढे. महिनाभर भांडण. शेवटी शेजारचे बेने इस्रायली आजोबा म्हणाले, "अरे, आमच्याकडे याचा निकाल कधीच लागलाय." खरंच लागलाय. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायदेसंग्रहात नियम आहे: सामाईक चौकात दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी पाडू नये. पुढे तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेच्या ग्रंथात, तर नुसतं बघण्यानेही शेजाऱ्याचं नुकसान होतं का, यावर खल आहे. आमच्या खिडकीला दुधी काच बसली.

आता कोर्टातलं. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क पोलिसांनी सांगितलाच पाहिजे, हा अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा १९६६चा 'मिरांडा' निकाल. त्याच्या तळटीपेत बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू धर्मशास्त्र्याचा हवाला आहे: केवळ स्वतःच्या कबुलीवरून कुणाला दोषी ठरवू नये. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, या आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(३)चा अर्थ लावताना न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात याच मिरांडाचा आधार घेतला. तो निकाल मी किती अर्जांना जोडला असेल! मिरांडाची तळटीप वाचायला मात्र निवृत्ती उजाडली.

आणि जॉन सेल्डन? हा इंग्लिश कायदेपंडित, पार्लमेंटचा सभासद, ज्यू नव्हेच. १६२९मध्ये राजाने तुरुंगात टाकल्यावर या गृहस्थाने तिथे तालमूद मागवला. १६४०मध्ये हिब्रू परंपरेच्या आधाराने नैसर्गिक कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. राजानेही धर्मशास्त्राची प्रत स्वतःसाठी उतरवून घ्यावी आणि रोज वाचावी, असं बजावणारी ती परंपरा.

सगळं तिथूनच आलं असं मी म्हणत नाही. रोमचं देणं मोठंच आहे. पण लेखाच्या पुढच्या भागात सेल्डनला एक परिच्छेद द्यावा. जागा नसेल तर सॉक्रेटिसचा विषाचा प्याला कापावा. तो आम्ही शाळेपासून पितोय.

— एक निवृत्त वकील, पुणे