तिन्हीतलं एक सोड म्हणालात, म्हणून

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "नोकरी, कॉलेज, लिखाण, तिन्हीतलं एक सोड." बस समोर येऊन उभी होती, म्हणून "बघतो" म्हणून फोन ठेवला. आता सांगतो. सोडत काहीच नाहीये, आणि दिवाळीला बडोद्याहून ताईकडे पुण्यालाही येत नाहीये. आईला दुसरंच जास्त लागेल, ठाऊक आहे.

बाबा, तुम्ही रिफायनरीत जन्मभर पाळ्या केल्यात, त्यामुळे हिशेब तुम्हाला लगेच कळेल. आमच्या नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये पाळी दर आठवड्याला फिरते: सहा ते दोन, दोन ते दहा, मग रात्रपाळी. एम.ए.चे तास साडेआठ ते साडेबारा. दुसरी पाळी असली की तास उरकून तसाच नंदेसरीची बस पकडतो. रात्रपाळीत सातला बसमधून उतरतो, तोंडावर पाणी मारतो आणि वर्गात जाऊन बसतो. झोप दुपारी. (आई, झोप होते. सलग होत नाही, पण होते.) पहिल्या पाळीचा आठवडा मात्र अख्खा बुडतो. तीनातला एक आठवडा गेला की हजेरी फार तर ६६ टक्के, आणि परीक्षेला बसायला हवी ७५. मधली तूट भरून काढायला त्या आठवड्यात दीडएक रजा टाकावी लागते. वीस दिवस कामामागे एक भरपगारी रजा, म्हणजे वर्षाच्या पंधराच्या आसपास. दोन्ही सेमिस्टर धरले की त्या सगळ्या तिकडेच जातात. बाकीची मुलं हजेरी लावून चहाला पळतात आणि मी पगारी रजा मोडून पहिल्या बाकावर! दिवाळीसाठी शिल्लक काय राहणार?

पाळी कायमची बदलून द्या, असा अर्ज केला होता. साहेब म्हणाले, "एकाला दिली की सगळे मागतील." राग आला. पण त्यांच्याही हातात फारसं नाही. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही हे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलंय. आणि खरं सांगू? मला ही कडक नोकरीच बरी वाटते. माझा एक मित्र ऑफिसात आहे, वेळेचं बंधन नाही म्हणतात. त्याला रात्री नऊलाही फोन येतो आणि रविवारीही. माझं पाळीपत्रक भिंतीवर लावलेलं असतं. पुढच्या महिन्यातली कुठली दुपार माझी आहे, हे आजच सांगू शकतो.

ती दुपार पहिल्या पाळीतली. कॉलेज बुडतं त्याच आठवड्यात लिखाण होतं. तीनला घरी येऊन जेवलो की थेट मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. आई, तू मला लहानपणी तिथे न्यायचीस तेव्हा मी काचेच्या फरशीवर पाय ठेवायला घाबरायचो. १९१० पासूनची लायब्ररी ती. अजूनही त्या लोखंडी कपाटांमधून चालताना मी जरा जपूनच चालतो. तिथे दोन-तीन तास बसतो. पुढचे दोन आठवडे वही उघडत नाही. पूर्वी जीव खालीवर व्हायचा, आता होत नाही.

तरी डोकं कुठं ऐकतं? प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही आणि लॉगबुकात कथा लिहिली तर घरीच बसवतील. टायट्रेशन करताना, म्हणजे सॅम्पल थेंबाथेंबाने तपासताना, ब्युरेटच्या नळीच्या टोकाला लटकलेला अर्धा थेंब फ्लास्कच्या काठाला टेकवून आत घ्यायचा, फ्लास्क हलवायचा, आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतो का ते पाहायचं. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या कथेतली माणसं आपसात बोलायला लागतात. रीडिंग आधी लिहितो, मग त्यांचं ऐकतो. उलटं केलं तर सॅम्पल पुन्हा करावं लागेल. चांगलं वाक्य सुटलंच तर ते वाटेत छाणी येईपर्यंत तोंडात घोळवायचं आणि बसमध्ये बॅगेतला मोबाईल काढून उतरवायचं. शेजारचा ऑपरेटर काय लिहितोयस म्हणून विचारतो, "शुं लखो छो?" मी म्हणतो, हिशेब.

फीची काळजी करू नका, भरली आहे. मागच्या खोलीचं छत यंदा गळलं नाही. बाबांची गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यायची आहे, आधी नव्हे. सेमिस्टर संपलं की साप्ताहिक सुट्टीला जोडून येईन. तेव्हा मात्र मी झोपणार, आल्यागेल्याला भेटायला बोलावू नका.

एक काम आहे, बाबा. सध्याच्या कथेत एक म्हातारा ऑपरेटर आहे. त्याचा रिलीव्हर येत नाही आणि त्याला सलग दुसरी पाळी करावी लागते. तुम्हाला असं थांबावं लागायचं, तेव्हा आपल्याकडे फोन नव्हता. मग आईला कळायचं कसं? रात्रीचं जेवण कुठून यायचं? पहाटे घरी आल्यावर तुम्ही आधी काय करायचात, आंघोळ की चहा? आईला विचारूनच लिहा, तुम्हाला आठवणार नाही. पुढचा आठवडा पहिल्या पाळीचा आहे, त्याआधी पत्र मिळालं तर बरं.

तुमचा,
धाकटा