अक्षराचे वळण आणि तीन शब्द

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पूर्व आशियातील अक्षरकलेवर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यात चीन, जपान आणि कोरिया या तिन्ही देशांतील कलेला सरसकट 'कॅलिग्राफी' म्हटले आहे आणि एका कोरियन छायाचित्राखाली तर 'शोदो' असे छापले आहे. त्याची दुरुस्ती व्हावी म्हणून हे पत्र.

चिनी शब्द 'शूफा', जपानी 'शोदो' आणि कोरियन 'सॉये'. तिन्हींतले पहिले चिनी अक्षर एकच, लेखन या अर्थाचे. त्याच्या वरच्या भागात कुंचला धरलेला हात आहे. फरक दुसऱ्या अक्षरात पडतो. 'फा' म्हणजे नियम, पद्धत. जुन्या थोर लेखकांचे कित्ते गिरवूनच चीनमध्ये हात तयार होतो आणि त्या कित्त्यांच्या चिनी नावातही हाच 'फा' आहे. 'दो' म्हणजे मार्ग, ज्युदो आणि केंडो या शब्दांतला. कोरियाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. १९१० ते १९४५ या जपानी अमलात तिथेही जपानी शब्दच कोरियन उच्चाराने चालत असे. स्वातंत्र्यानंतर त्या लोकांनी 'मार्ग' बाजूला ठेवून 'ये', म्हणजे कला, हे अक्षर स्वीकारले. म्हणूनच कोरियन चित्राखाली 'शोदो' छापणे ही साधी मुद्रणाची चूक राहत नाही, ती तिथल्या माणसाच्या मनाला लागणारी आहे. या 'ये' अक्षराचे अतिप्राचीन रूप गुडघे टेकून रोप लावणाऱ्या माणसाचे आहे. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या आम्हा कोकणातल्या माणसांना कलेसाठी हे चित्र किती योग्य आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे 'सुलेखन' हा शब्द आहे आणि तो चांगलाच आहे, पण मला त्याहून जवळचा वाटतो तो 'वळण'. आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत पणजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, अशी ती रीत. इथल्या दमट हवेने कागदांच्या कडा झिजल्या आहेत, तरी ओळ कुठे ढळलेली नाही. वडील ते कागद उलगडून "काय वळण आहे!" म्हणत आणि आम्ही मुले उलट बोललो की "काही वळण नाही" असेही म्हणत. अक्षराला आणि माणसाला एकच शब्द लावणारी आपली भाषा 'दो' या कल्पनेच्या बरीच जवळ जाते. समर्थांनीही दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठीच दिला आहे.

तरी पुढील अंकात छायाचित्राखालील ओळ दुरुस्त करावी, तिन्ही शब्द आपापल्या नावाने छापावेत आणि मराठी वाचकाला त्यांची ओळख करून देताना 'वळण' या शब्दालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
गुहागर, जि. रत्नागिरी