माझ्या मायचा हात मोजणाऱ्या साहेबांना

नमस्कार साहेब,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण मागच्या आठवड्यात ग्रामसभेत गावाचा नवा पाण्याचा ताळेबंद वाचला गेला आणि तेव्हापासून हे मनात दाटून आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. कपाशी, तूर, जमलं तर हरभरा. माघ लागला की विहिरींचा तळ दिसतो, हे इथल्या लेकराला ठाऊक आहे. कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं. पाण्याचा हिशेब मांडायला तुमच्या आधी आलेल्या मंडळींनी लॅपटॉपवर नकाशा दाखवला, तर आमचं सगळं शिवार निळं. निळं म्हणजे पाणी शिल्लक. आम्ही म्हटलं, चला विहिरीवर, डोळ्यांनी पाहा. तर म्हणे कॉम्प्युटरवर पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या मॉडेलचा मेळ 0.8 आलाय, उत्तम आहे. पाण्याच्या कामांच्या यादीतून गाव गेलं आणि दोन उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात गेले.

मायनं तेव्हा तिची वही पुढे केली होती. चौथीपर्यंत शिकलेली बाई. 2011 पासून दर अमावस्येला दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडते, दगड पाण्याला टेकला की दोरी वर ओढून हातानं मोजते आणि लिहून ठेवते. सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, मायची विहीर बारा वेळा. त्यांच्यातल्या एकानं दोन पानं चाळली. ‘आजीबाई, यात श्रावण दोनदा लिहिलाय, आणि एका ठिकाणी ऐन पावसाळ्यात पाणी खाली गेलंय. असा डेटा चालत नाही.’ माय त्या रात्री जेवली नाही.

मग तुम्ही आलात. चहा नंतर घेतो म्हणालात, कठड्यावर बसलात, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलात. पाऊण तास कुणाशी बोलला नाहीत. 2017 च्या आषाढावर बोट ठेवून विचारलंत, ‘आजी, इथं एकदम दोन हात पाणी उतरलं. काय झालं होतं?’

‘पाणी नाही उतरलं बापू. वासरू पडलं होतं इहिरीत, मंग कठडा दोन हात वाढोला.’

तुम्ही उठून कठड्यावरची जुन्या-नव्या सिमेंटची रेघ शोधलीत. टेप लावलात. नवं बांधकाम 83 सेंटिमीटर. मग म्हणालात, ‘आता तुमचा हात मोजू द्या.’ कापूस वेचून भेगाळलेला हात तिनं आधी पदराला पुसला, मग कठड्यावर ठेवला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तुम्ही तीनदा मोजलं. 42 सेंटिमीटर. दोन हात म्हणजे 84. एका बोटाचाही फरक नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर तुम्ही तारीख घालून लिहिलंत, ‘1 हात = 42 सेंमी’, आणि मायची सही घेतलीत.

साहेब, मी तिथेच उभा होतो. एवढ्या वर्षांत मायचं म्हणणं खरं धरून कुणी तिच्यापुढे टेप धरला नव्हता.

दोन श्रावणांचं कोडं तर तुम्ही मोबाइलमधल्या कॅलेंडरवर मिनिटभरात सोडवलंत. 2023 ला अधिक श्रावण होता. एक अमावस्या पोळ्याची, एक त्याच्या आदल्या महिन्याची. दोन्ही नोंदी बरोबर.

तो 0.8 कुठून आला, तेही तुम्ही ओट्यावर बसून समजावलंत. मॉडेलचे आकडे प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी किती जुळतात, ते सांगणारा नॅश-सटक्लिफ नावाचा 1970 सालचा निकष आहे. 1 म्हणजे तंतोतंत मेळ, 0 म्हणजे नुसती सरासरी धरली असती तरी तेवढंच जमलं असतं. पण ज्या विहिरीवर मॉडेल जुळवलं, त्याच विहिरीवर ते तपासलं होतं. आणि ती विहीर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, वर्षभर भरलेली! पेपर आधी दाखवून परीक्षा घेतल्यासारखंच झालं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरात नाहीतर भेगांत राहतं, शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचं नशीब वेगळं असतं. तुम्ही मायच्या वहीतली 2018 पर्यंतची वर्षं जुळवणीला घेतलीत आणि पुढची मॉडेलला न दाखवता बाजूला ठेवलीत, तपासायला.

नेदरलँड्समध्ये 1999 सालीच अशी मॉडेलं नीट कशी करायची याची हातपुस्तिका निघाली, काय गृहीत धरलं आणि का, ते सगळं लिहून ठेवायचं असतं, असंही तुम्ही म्हणालात. म्हणजे विचारायचं असतं हे माहीत होतं साहेब. आधीच्यांनी विचारलं नाही, एवढंच. तुमच्यासारखी खाली बसून ऐकणारी माणसं हापिसाहापिसात असावीत, असं फार वाटतं. आमच्यासारखी कितीतरी गावं अशाच निळ्या रंगाखाली असतील.

नव्या नकाशात आमचं शिवार निळं नाही. गाव पुन्हा यादीत आलं. ग्रामसेवकांनी माहितीच्या स्रोताचा रकाना वाचला, ‘शेतकरी महिलेची वही, 2011 पासून’, तेव्हा मायनं पदर तोंडाला लावला.

तुम्ही ठेवून गेलेला टेप विहिरीजवळच्या खुंटीला आहे. माय अजून दोरीच सोडते. तिचे हात मोजून झाले की त्याच दोरीला मी टेप लावतो आणि दोन्ही आकडे लिहितो. या अमावस्येला 19 हात भरले, टेपवर 7 मीटर 96. पानाचा फोटो पाठवलाय, पाहून घ्या.

तुमचा,
वहीवाल्या आजीचा मुलगा