हत्ती, उंट आणि बिशप

प्रिय अव्या,
सप्रेम नमस्कार.

‘बुद्धिबळ आपलं, बाकीच्यांनी नुसतं ढापलं’ असं ठोकून दिलंस. पहिलं मान्य, दुसऱ्यावर मात्र भांडायचंय.

खेळ इथलाच. सातव्या शतकात बाणभट्ट हर्षचरितात लिहून गेलाय की हर्षाच्या राज्यात चतुरंगाची (म्हणजे चार अंगांच्या सैन्याची; बुद्धिबळाचं जुनं नावही तेच) मांडणी काय ती अष्टापदाच्या, म्हणजे आठ बाय आठ घरांच्या, पटावरच. इथून तो इराणात गेला. तिथली दंतकथा अशी: हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या खुस्रो बादशहाच्या दरबारी पट पाठवला, ‘ओळखा’ म्हणून, खुस्रोच्या वजिराने, बुझुर्गमेहरने, तो ओळखलाच, वर उलट नर्द हा फाशांचा खेळ पाठवून दिला. दंतकथा सोड, पुरावा बघ: उझबेकिस्तानात समरकंदजवळ अफ्रासियाबच्या जुन्या अवशेषांत १९७७ साली सात हस्तिदंती सोंगट्या सापडल्या, जवळपास तेराशे वर्षांच्या!

मला खरी मजा वाटते ती हत्तीची. आज आपला उंट उभा असतो तिथे तेव्हा हत्ती असायचा, कोपऱ्यात रथ. हा हत्ती तिरका, पण बरोबर दुसऱ्या घरात उडी मारायचा, मधल्याला ओलांडून. पटावर मांडून पाहिलं तर चौसष्टांपैकी फक्त आठ घरं त्याच्या वाट्याला येतात. चारही हत्तींची घरं वेगवेगळी, म्हणजे जन्मभर एकमेकांची गाठ नाही! वजीरही बिचारा तिरकं एकच घर चालायचा. डाव किती रेंगाळत असतील, विचार कर.

अरबांच्या सोंगट्यांत हत्तीचं चित्र नसे, नुसता ठोकळा आणि वर सुळ्यांसारखी दोन टोकं. ती सोंगटी युरोपात गेल्यावर इंग्रजांना त्या टोकांत बिशपची, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूची, टोपी दिसली म्हणतात; म्हणून आपल्या उंटाला ते बिशप म्हणतात. १८३१ मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेल्या बाराव्या शतकातल्या सोंगट्यांत तर दंड घेतलेले बिशपच बसलेत, चेहऱ्यावर चिंता घेऊन. रशियात मात्र ती सोंगटी अजून हत्तीच आहे.

आणि वजिराला पटभर धावायला शिकवलं कुणी? १४७५ च्या सुमारास, बहुधा स्पेनमधल्या वालेन्सियात. उंटाची आजची लांब चालही तेव्हाचीच. वजीर गेला की तू डोक्याला हात लावून बसतोस ना, ते दुःख स्पेनचं आहे, आपलं नव्हे.

म्हणून ‘ढापलं’ म्हणू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा एक डाव जुन्या चालींनी खेळू. पांढरी तू घे. चहा लागेल भरपूर, हे वहिनींना आधीच सांगून ठेव.

कळावे, लोभ आहेच.
तुझा,
मध्या