बाळ्याला, डब्यातल्या माशाबद्दल

लातूर,
१७ मे

प्रिय बाळ्या,

तुझे तीन फोन उचलले नाहीत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. घरी सगळे बरे, आईची शुगर आहे तशीच.

परवा सकाळी माशांच्या काचेच्या टाकीमागं फरशीवर पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, म्हणजे छोटा समुद्री मासा, सापडला. वाळून कडक. टाकीतल्या दुसऱ्या डॅमसेलनं, डोमिनोनं, पिटाळला असणार अन् झाकणाच्या फटीतून बाहेर उडाला. ज्योती म्हणाली, "एवढासा तर होता." ऑफिसात सांगावं तर हळद-तिखट लावायला सांगतील. उरलास तू.

डोमिनो म्हणजे काळा कुळकुळीत, कपाळावर एक पांढरा ठिपका अन् दोन्ही कुशींवर एकेक. आणला तेव्हा आठ आण्याएवढा होता, आता बोटभर झालाय. पोरीनं त्याचं नाव 'बाळूकाका' ठेवलंय. मी सुचवलं नाही, शपथ. पण दगडाखालची एक कपार धरून बसतो अन् कुणाला फिरकू देत नाही. होस्टेलातली तुझी खिडकीजवळची खाट आठव. काच पुसायला हात घातला तर मलाही चावतो. ही जातच तशी. आधी शिरेल तो मालक, अन् मी यालाच आधी सोडला.

दुकानदार तर म्हणाला होता, "पाणी तयार व्हायची वाट कशाला बघता? डॅमसेल टाका, मरत नाहीत." म्हणजे त्यांच्याच घाणीतून होणाऱ्या अमोनियात त्यांना भाजून टाकी तयार करायची. मी ऐकलं नाही. अमोनिया, नायट्राइट ही विषं शून्यावर येईस्तोवर सहा आठवडे नुसते दगड बघत बसलो. ज्योती पाहुण्यांना सांगायची, "ह्यांनी दगड पाळलेत."

आता या गुंडाचं करू काय? दुकानदार परत घेईना. मांजरा नदीत सोडला तर गोड्या पाण्यात मरेल. एकच उपाय दिसतो: सगळे दगड उपसून नव्यानं रचायचे. कपारच राहिली नाही की मालकी मोडते. तोवर त्याला भोकाच्या डब्यात कोंडायचं. पण त्यासाठी निम्मं पाणी काढावं लागेल, अन् नळ येतो आठव्या दिवशी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपण दोघं बघायला गेलतो ना? त्याच गावात मी दोनशे लिटरचा समुद्र मांडून बसलोय. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. उन्हाळ्यात पंखा लावून रोज तीन-चार लिटर उडतं. मीठ मागंच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, तीही आरओची. आरओचं वाया जाणारं पाणी ज्योती फरशीला वापरते. बोलत काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाळ्या, तो मासा उचलताना आपण गणपतीपुळ्याहून आणलेला माशांचा डबा आठवला. तू तो सोलापूर स्टँडवर ओतून दिलास म्हणून मी दोन महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. अजूनही चारचौघांत तो किस्सा सांगतो, तुला खलनायक करून. पण मासे तू मारले नव्हतेस. पाणी हिंदकळेल म्हणून रत्नागिरीतच झाकण गच्च आवळलं होतं मी. वर डबा ठेवला ड्रायव्हरशेजारी, तापलेल्या बॉनेटवर. गरम पाण्यात आधीच हवा कमी, त्यात झाकण बंद. सांगलीच्या आतच गेले असतील. तू उघडलास तेव्हा वास आला होता, अन् मी तुला म्हणलो होतो, 'तुझ्या हाताचाय.'

टाकीचं सगळं शिकताना हे मला वर्षापूर्वीच कळलं होतं. फोन करावा वाटायचं अन् राहून जायचं.

मेलेला मासा सदाफुलीच्या कुंडीत पुरलाय. आईला सांगितलं नाही.

तुझी बदली झाली म्हणे? वहिनींच्या शाळेचं काय? गोट्याला दहावीत किती पडले ते कळव, मी विसरलो नाही.

सुट्टीत चार दिवस ये. दगड उचलायला दोन माणसं लागतात. येताना पुण्याहून रीफ सॉल्टची, म्हणजे टाकीच्या मिठाची, बादली आण, पैसे देतो. अन् सोलापूरला गाडी थांबली तर खाली उतरू नकोस.

तुझा,
सुध्या