ओंकार, प्रोपेलरला हात लावायचा नाही

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मधेच ठेवलास. "आई, मला कळतं," म्हणालास. कळतं हे मला मान्य आहे, तरी लिहिते. भावंडांच्या वाटणीसाठी तू ज्याची किंमत काढणार आहेस, ते कऱ्हाडचं छोटं विमान, सेसना १७२, सहा पावसाळे शेडमध्ये उभं आहे, आणि वारलेल्या मालकांचा थोरला मुलगा म्हणतोय, प्रोपेलर जरा हाताने फिरवून इंजिन मोकळं आहे का बघू. तू त्याला हो म्हणालास. त्याला नाही म्हण.

इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. किल्ली बंद केली की पी-लीड नावाची तार त्याला अर्थिंग देऊन गप्प करते. ती तार तुटली किंवा उंदराने कुरतडली, तर किल्ली तुझ्या खिशात असूनही मॅग्नेटो चालूच. इम्पल्स कपलिंग या त्याच्या स्प्रिंगच्या जोडामुळे सावकाश फिरवलं तरी ठिणगी कडक पडते. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ उरली असली, तर एका फटक्यात हात जातो.

आणि किमतीच्या दृष्टीनेही ते चूकच. त्याच्या लायकमिंग ओ-३२० इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्ट या मुख्य दांड्याच्या वर बसतो. उभ्या इंजिनात त्याच्यावरचं तेल निथळून जातं, दमट हवेत त्याचे उंचवटे (लोब) आणि त्यांना टेकणारे टॅपेट गंजतात. सुरू केलंस तर तोच गंज घासून तेलात उतरेल आणि चांगला भागही खराब होईल. म्हणून आधी फ्युएल बंद, मिक्स्चरची मूठ बाहेर ओढलेली, चाकांना ठोकळे, मग चारही सिलिंडरचे वरचे प्लग काढून बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या भिंती बघ. तांबूस डाग दिसले तर एक सिलिंडर उतरवून कॅम पाहिल्याशिवाय इंजिनाला किमतीचा आकडा लावू नकोस. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसर आणि वरून लोहचुंबक फिरव. चिकटणारे कण म्हणजे पोलाद, आणि पोलाद बहुधा कॅमचं किंवा टॅपेटचं.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर हवा धरतो का ते बघणं, लायसन्सवाल्या इंजिनिअरकडूनच, आणि दोघे असतील तेव्हाच. ८० पीएसआय दाबाची हवा एका सिलिंडरात सोडली की प्रोपेलर झटका देऊन फिरतो. (बघ, पुन्हा तिथेच आले.) नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस, हवा कुठून फुसफुसते ते ऐक. सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

लहानपणी उद्यमनगरात आण्णा बंद पंपाला कान लावून बसायचे आणि तू त्यांच्या मांडीवरून उठायचा नाहीस. त्यांनी तुला ऐकायला शिकवलं. तुझा मागचा रिपोर्ट मी शेजारच्या मास्तरांना वाचून दाखवला. रिव्हेटच्या कडेच्या काळ्या ओघळावरून आतला रिव्हेट हलतोय हे तू ओळखलंस, ते वाचताना ऊर भरून आला.

पंखाच्या मुळाशी उंदरांची घरटी शोध, त्यांच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वेग मोजणारी पिटो ट्यूब आणि टाकीची हवेची नळी यांत कुंभारीण मातीचं घर करते. सीटच्या रुळांची भोकं झिजली आहेत का ते बघ, २०११ चा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (विमान सुरक्षेचा सक्तीचा आदेश) त्यासाठीच आहे. टेकऑफला सीट मागे सरकली तर पायलटच्या हातून विमान गेलंच.

लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या कामांच्या नोंदवह्या, शाहूपुरीच्या घरात होती, २०१९ च्या पुरात भिजली. चिकटलेली पानं नखाने सोडवू नकोस. सुटतात तेवढ्या पानांचे फोटो काढ आणि इंजिन, प्रोपेलर, सांगाडा, तिन्हींचे सीरियल नंबर त्यांच्यावरच्या पाटीशी ताडून बघ. बाकीची कामं दुरुस्ती करणाऱ्यांच्या बिलांतून जुळव. जुळलं नाही तर किंमत उतरते, आणि ते भावंडांना सरळ सांग.

इंजिनाचं गणित कागदावर गोड दिसतं. २००० तासांच्या मुदतीपैकी १४०० झाले, ६०० उरले, म्हणजे ओव्हरहॉलच्या (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधायच्या) खर्चाचे तीस टक्के धरू. पण लायकमिंगची मुदत २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. वर्षं उलटली असतील तर उरलेल्या तासांचे पैसे मोजायला कुणी शहाणा गिऱ्हाईक तयार होत नाही. वारशावरचा कर, इस्टेट ड्यूटी, १९८५ ला गेली, त्यामुळे तुझा आकडा मुख्यतः वाटणीत लागणार. कोणत्या तारखेची किंमत हवी, मृत्यूच्या की आजच्या, ते आधी लेखी घे.

फार शिकवलं, राग मानू नकोस. तू एकटा तिथे जाणार म्हटल्यावर लेखणी थांबत नाही. हातपाय धड घेऊन ये एवढंच म्हणायचं होतं.

आणि रिपोर्टात स्पष्ट लिही: "इंजिन चालू केलेलं नाही." थोरल्याला ते आवडणार नाही. एकेक प्रत धाकट्याला आणि बहिणीलाही त्याच दिवशी पाठव, म्हणजे एकाच्या सोयीने आकडा बदलला अशी शंका नको.

तुझी,
आई